साडेतीन गुण

झाशीत बरोबरी मागायची नसते, हे सगळा जन्म या गावात काढूनही माझ्या लक्षात आलं नव्हतं. ज्या गावाची कीर्ती 'देणार नाही' या दोन शब्दांवर उभी आहे, तिथे भर स्पर्धेत हात पुढे करून 'अर्धा तुम्हाला, अर्धा मला' म्हणणं म्हणजे कोल्हापुरात जाऊन कमी तिखट मागण्यासारखं आहे.

मी मागितली. अठराव्या खेळीला. समोरच्या गृहस्थांनी आधी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीतून किल्ल्याच्या दिशेनं पाहिलं आणि म्हणाले, "काय भैया, झाँसी में बैठ के का माँग रए हो?"

इथे एक खुलासा करतो. यातला 'काय' मराठी नव्हे, बुंदेली आहे. आमचे पूर्वज नेवाळकरांच्या अमदानीत इकडे आले असं घरात सांगतात. कशासाठी आले ते मात्र कोणी सांगत नाही, त्यामुळे आचारी म्हणून आले असावेत. आल्या आल्या त्यांना इथल्या लोकांच्या तोंडी 'काय' ऐकू आला असेल आणि आपल्याच मुलखात आहोत असं वाटून ते राहिले असतील. पुढे ज्या गणेशमंदिरात १८४२ साली गंगाधरराव आणि लक्ष्मीबाईंचं लग्न लागलं, त्याच मंदिरात आम्ही उरलेसुरले मराठी लोक भाद्रपदात जमतो आणि आरतीचं पुढचं कडवं कोणतं यावर वाद घालतो. घरी 'भाजीत नमक कमी पडलंय' असं शुद्ध मराठी बोलतो. एवढ्या वर्षांत आम्ही झाशीकर झालो, पण बरोबरी मागायची सवय काही गेली नाही.

स्पर्धा एका विवाह घरात होती. आमच्याकडे मंगल कार्यालयाला विवाह घर म्हणतात. जून महिना, लग्नाचा मुहूर्त नसलेले तीन दिवस गाठून हॉल स्वस्तात मिळवलेला. खुर्च्यांना साटीनचे झगे आणि पाठीमागे मोठी गुलाबी गाठ, त्यामुळे पटावर वाकलेला प्रत्येक खेळाडू मागून करवलीसारखा दिसत होता. स्टेजवर नवरा-नवरीचं सोनेरी सिंहासन होतं, त्यावर मुख्य पंच एकटेच बसले होते. बायको ऐनवेळी पळून गेलेल्या वरासारखा त्यांचा चेहरा होता. बाहेर ४५ अंश, आत चार कूलर. बुद्धिबळात पांढऱ्या मोहऱ्या मिळणं फायद्याचं असतं असं पुस्तकं सांगतात. झाशीच्या जूनमध्ये कूलरसमोरची खुर्ची मिळणं फायद्याचं असतं. मला पांढऱ्या मिळाल्या होत्या आणि कूलर समोरच्याच्या तोंडावर होता. म्हणजे सुरुवातीपासूनच डाव समसमान होता.

समोरचे गृहस्थ रेल्वेतले निवृत्त गार्ड. रेल्वेनं २०२२ साली गार्डांचं नाव बदलून त्यांना ट्रेन मॅनेजर केलं, पण हे आधीच निवृत्त झालेले, त्यामुळे गार्डच राहिले. त्याच सुमारास झाशी स्टेशनचं नावही बदलून वीरांगना लक्ष्मीबाई झालं. गार्डसाहेबांना या दोन्ही गोष्टींपैकी कोणतीच मान्य नाही असं नव्हे. फक्त विचारल्याशिवाय झाल्या एवढंच त्यांचं म्हणणं. घड्याळाचं बटण दाबताना ते हात उंच करत आणि असा खाली आणत की पटावरून एखादी मालगाडी हलेल असं वाटावं.

आमच्या योग्यतेबद्दल थोडं सांगायला हवं. माझं रेटिंग १४६०. आकडा ऐकून कोणी दबून जाऊ नये. ते ११०० होतं. मार्च २०२४ मध्ये जागतिक संघटनेनं, म्हणजे फिडेनं, दोन हजाराखालच्या सगळ्यांना दोन हजाराला जेवढे कमी पडतात त्याचे चाळीस टक्के वाढवून दिले. मी रात्री ११०० म्हणून झोपलो आणि सकाळी १४६० म्हणून उठलो. आयुष्यभर बँकेत कॅशियर होतो, पण न मागता एवढी वाढ कधी मिळाली नव्हती. खेळात अर्थात काडीचा फरक पडला नाही. गार्डसाहेबांचंही रेटिंग माझ्याच आगेमागे आहे आणि तेही असंच झोपेत वाढलेलं.

सात फेऱ्यांची स्पर्धा. सहा फेऱ्यांनंतर माझे तीन गुण होते. त्यातला एक गुण बायचा, म्हणजे खेळाडूंची संख्या विषम असल्यामुळे मला कोणी प्रतिस्पर्धीच मिळाला नाही म्हणून. दुसरा, समोरच्या मुलाच्या खिशात मोबाइल वाजला आणि नियमाप्रमाणे तो हरला म्हणून. तिसरा मात्र मी खरोखर जिंकला; कसा ते मलाही सांगता येणार नाही. जे तीन डाव हरलो त्या तिन्ही प्रतिस्पर्ध्यांची वयं मिळून ३४ होतात. माझं एकट्याचं ६३. कॅशियर असल्यामुळे ही बेरीज मी दोनदा तपासली. या मुलांशी खेळण्यात सगळ्यात मोठा त्रास हा की ती खेळी करून उठून जातात, बाहेर फ्रूटी पितात, परत येतात, आपली अर्ध्या तासाच्या विचाराची खेळी दोन सेकंदांत मोडीत काढतात आणि पुन्हा जातात. त्यामुळे शेवटच्या फेरीत समोर पांढरे केस पाहिले तेव्हा मला माहेरची माणसं भेटल्यासारखं वाटलं.

डावाला सुरुवात झाली. मी लंडन सिस्टीम खेळतो. समोरचा काहीही खेळो, आपण आपली ठरलेली मोहरी ठरलेल्या घरी ठेवायची, अशी ही पद्धत आहे. निवृत्त माणसाला ती फार मानवते. सकाळचा चहा, पेपर आणि फिरायला जाणं यांत जेवढा बदल, तेवढाच हिच्यात. गार्डसाहेबांनी राजाच्या बाजूचं प्यादं एक घर सरकवून मागे उंट बसवला. तो काळ्या घरांवरून चालणारा उंट लक्षात ठेवा. पुढे सगळं रामायण त्याच्यामुळेच घडलं.

अठरा खेळ्या झाल्या. कोणी कोणाचं काही घेतलं नव्हतं. दोघांचीही मोहरी आपापल्या घरात सुखरूप होती आणि समोरच्याच्या घरात शिरायची कोणाची हिंमत नव्हती. तेव्हा मी नियमानुसार, म्हणजे आधी खेळी करून आणि घड्याळ दाबायच्या आत, बरोबरी मागितली आणि झाशी काय चीज आहे हे ऐकून घेतलं.

त्या नकारानं गार्डसाहेबांना चेव चढला आणि आठच खेळ्यांत त्यांनी एक घोडा फुकट ठेवला. मी तो चार वेळा तपासला. फुकट दिसणाऱ्या वस्तूच्या मागे काहीतरी कागदपत्र असतं, हा बँकेतला अनुभव. पण घोडा खरंच फुकट होता. मी घेतला. कूलर समोर असूनही त्यांच्या कपाळावर घाम आला. एकतिसाव्या खेळीला ते खाकरले आणि अगदी वेगळ्या आवाजात म्हणाले, "तो फिर... बराबर कर लें?"

मी चष्मा काढला. पुसला. खिडकीतून किल्ल्याकडे पाहिलं. "गार्डसाहब," मी म्हणालो, "झाँसी में बैठ के का माँग रए हो?"

आयुष्यात इतकं चांगलं वाक्य योग्य वेळी मला पहिल्यांदाच सुचलं. तेही त्यांचंच. या आनंदात पुढच्या सात खेळ्या मी तरंगत केल्या आणि अडतिसाव्या खेळीला राजा उचलायला गेलेला हात हत्तीला लागला. "सारखं करतोय," मी घाईनं म्हणालो. पण हे आधी म्हणायचं असतं, मग हात लावायचा असतो. नंतर म्हटलं तर त्याला क्षमायाचना म्हणतात आणि तिची नियमांत सोय नाही. हात लावलेला हत्ती हलवणं भाग होतं. तो कुठेही नेला तरी त्या काळ्या घरांच्या उंटाच्या तोंडी जात होता. मी त्याला त्यातल्या त्यात सन्मानाच्या घरी नेऊन ठेवला.

चाळिसाव्या खेळीला मी पुन्हा बरोबरी मागितली. या वेळी गार्डसाहेबांनी किल्ल्याकडे पाहिलंही नाही.

मला वाटतं, आमच्या पातळीच्या बुद्धिबळात बरोबरी ही पॅसेंजर गाडीसारखी असते. ती येते, पण तुम्ही फलाटावर असता तेव्हा नाही. आपल्याला ती हवी असते तेव्हा समोरच्याला नको असते. समोरच्याला हवी असते तेव्हा आपल्याला मेलची आशा लागलेली असते.

पुढच्या अर्ध्या तासात माझ्याकडचं एकेक मोहरं गेलं. शेवटी पटावर माझा राजा उरला, एकटा. त्यांच्याकडे राजा, तो उंट आणि माझ्या उजव्या हाताच्या टोकाच्या पट्टीवर, म्हणजे एच पट्टीवर, एक प्यादं. आमच्याभोवती गर्दी जमली होती. जुन्या देशी पद्धतीनं खेळणारे एक आजोबा मान हलवून म्हणाले, "बुर्द हो गई." देशी शतरंजात समोरच्याची सगळी मोहरी मारली गेली आणि एकटा राजा उरला की त्याला बुर्द म्हणतात आणि ती अर्धी मात समजतात. आजोबांच्या हिशेबानं मी अर्धा मेलोच होतो.

पण त्या गर्दीत मला एकट्यालाच एक गोष्ट माहीत होती. त्या प्याद्याला वजीर व्हायचं तर पट्टीच्या शेवटच्या घरात पोचावं लागणार होतं आणि ते घर पांढरं. उंट काळ्या घरांचा. तो जन्मात त्या पांढऱ्या घरावर पाय ठेवू शकत नव्हता. माझा राजा त्या कोपऱ्यात जाऊन बसला की त्याला तिथून हुसकावणं ब्रह्मदेवालाही शक्य नाही. पुस्तकात याला चुकीचा उंट म्हणतात. उंटाची चूक काहीच नसते. तो फक्त चुकीच्या रंगावर जन्मलेला असतो. आपल्याकडे एवढ्यावरून माणसांचंही बरंच काही ठरतं, मग उंटाचं काय.

मी कोपऱ्यात जाऊन बसलो. आत, बाहेर, आत, बाहेर. गार्डसाहेबांनी उंट सगळ्या पटावर फिरवला. या टोकाकडून, त्या टोकाकडून, मागून, पुढून. काळी घरं ३२ असतात. त्यातलं एकही त्यांनी सोडलं नसावं. "बराबर है, साब," मी एकदा हळूच म्हणालो. "गाड़ी चल रई है," ते म्हणाले, "चलती गाड़ी से गार्ड नईं उतरता." पन्नास खेळ्यांत कोणी काही मारलं नाही आणि प्यादं हललं नाही तर बरोबरी मागता येते, मी मनात मोजायला सुरुवात केली. कॅशियरला मोजायला काही लागत नाही. पण तेवीसपर्यंत आलो आणि त्यांनी हात उंच केला, प्यादं एक घर पुढे सरकवलं आणि मालगाडी सोडल्यासारखं घड्याळ दाबलं.

मी पटाकडे पाहिलं. राजाला शह नव्हता. पण हलायला घरही नव्हतं. एका बाजूला प्याद्याचा मार, दुसरीकडे त्यांचा राजा, आणि ते प्यादं खाऊ म्हटलं तर त्याच्या पाठीशीही तोच राजा. माझी पाळी होती आणि करण्यासारखं काही नव्हतं. एवढ्या वर्षांच्या संसारात ही अवस्था मला पूर्ण परिचयाची होती, पण पटावर पहिल्यांदाच आली.

"ज़िच!" आजोबा ओरडले. म्हणजे कोंडी.

सिंहासनावरचे पंच खाली आले. त्यांनी पट पाहिला, माझ्याकडे पाहिलं, गार्डसाहेबांकडे पाहिलं आणि दोघांपुढे निकालाचा कागद ठेवला. कोंडी झालेल्याला अर्धा गुण मिळतो, ही आजची रीत. एके काळी इंग्लंडात कोंडी करणारा हरत असे आणि कोंडलेला जिंकत असे. एवढी सभ्य रीत त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला सोडून दिली. नाहीतर त्या दिवशी मी विजयी म्हणून घरी गेलो असतो.

मराठीत डाव बरोबरीत 'सुटतो', हा शब्द मला फार आवडतो. कैदी सुटतो, शाळा सुटते, गाडी सुटते, तसा डाव सुटतो. जिंकलेला डाव सुटत नाही. तो जिंकणाऱ्याच्या डोक्यात बसतो आणि हरणाऱ्याच्या पोटात. आमचा मात्र सुटला. बरोबरीत सुटला खरा, पण त्यात बरोबर असं काहीच नव्हतं.

मोठी माणसंही बरोबरी करतात. कार्पोव आणि कास्पारोव १९८४ च्या सप्टेंबरात जगज्जेतेपदासाठी बसले आणि १९८५ च्या फेब्रुवारीपर्यंत ४८ डाव खेळले. त्यातले ४० बरोबरीत सुटले आणि शेवटी फिडेच्या अध्यक्षांनी सामनाच थांबवला. बेलग्रेडला १९८९ साली निकोलिच आणि आर्सोविच २६९ खेळ्या खेळले आणि बरोबरी करून उठले. नागपूरच्या दिव्या देशमुखनं २०२५ साली बाटुमीत महिला विश्वचषक जिंकला, तेव्हा अंतिम फेरीत कोनेरू हंपीबरोबरचे पहिले दोन्ही डाव बरोबरीतच सुटले होते. पण त्यांची बरोबरी दोघांनी न केलेल्या चुकांची असते. आमची, दोघांनी मन लावून केलेल्या चुकांची. घोडा त्यांच्या नावे खर्ची, हत्ती माझ्या नावे खर्ची. संध्याकाळी ताळा जुळला, पण तिजोरी रिकामी.

बाहेर व्हरांड्यात आम्ही डाव पुन्हा मांडून बसलो. बुद्धिबळात याला पोस्टमॉर्टेम म्हणतात आणि आमच्या डावांना तो शब्द फार शोभतो. दोन वेण्या घातलेली एक नऊ वर्षांची मुलगी, जिनं तिसऱ्या फेरीत मला बावीस खेळ्यांत संपवलं होतं, फ्रूटी पीत बाजूला उभी राहिली. आम्ही दोघंही एकाच वेळी, मोठ्या आवाजात, आपण कसे जिंकत होतो ते सिद्ध करत होतो. तिनं स्ट्रॉ तोंडातून काढला.

"अंकल, आप दोनों जीत रहे थे," ती म्हणाली. आम्ही खूश झालो. "और दोनों हार भी रहे थे." स्ट्रॉ पुन्हा तोंडात गेला.

घरी आलो. आत्या ओसरीवर पंख्याखाली बसली होती. तिचं वय आता नव्वदीकडे झुकलंय आणि तिला जगातल्या सगळ्या स्पर्धांबद्दल एकच प्रश्न असतो. "जिंकून आलास की हरून?"

"बरोबरी झाली, आत्या."

"म्हणजे हरलास." तिचं मत पॅरिसच्या १८६७ सालच्या स्पर्धेसारखं होतं. तिथे बरोबरी करणाऱ्या दोघांनाही शून्य देत असत.

"तसं नाही गं. अर्धा गुण मिळाला. एकूण साडेतीन झाले."

आत्या ताठ बसली. "साडेतीन?" ती म्हणाली. "मग असं सांग ना. साडेतीन म्हणजे चांगलं."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. अर्ध्याला मान देणारा आपल्यासारखा समाज दुसरा नसेल. मुहूर्त साडेतीन, त्यातला दिवाळीचा पाडवा अर्धा. शक्तिपीठं साडेतीन, त्यातलं वणीचं अर्धं. पेशवाईतले शहाणे साडेतीन, आणि त्या यादीत इतिहासानं लक्षात ठेवला तो मुख्यतः अर्धा, नाना फडणीस. देशातली पहिली राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धा १९५५ साली एलुरूला झाली, तिथेही आपले रामचंद्र सप्रे अजिंक्यपद डी. वेंकय्यांबरोबर वाटून घेऊन आले. तीनवर थांबलो असतो तर मी एक सामान्य हरलेला माणूस होतो. अर्ध्यानं मला परंपरेत नेऊन बसवलं. आत्यानं त्या संध्याकाळी शिरा करायला लावला. त्यातही साखर किंचित कमी पडली होती, पण मी काही बोललो नाही.

पुढचा भाग पंधरा दिवसांनंतरचा. सीपरी बाजारात भाजी घ्यायला गेलो होतो. चहाच्या टपरीवर गार्डसाहेब पाठमोरे बसले होते आणि चार माणसांना डाव सांगत होते. त्या डावात घोडा नव्हताच. म्हणजे गेला होता, पण 'दिला' होता, जाळं म्हणून. माझा हत्ती त्या जाळ्यात सापडला होता. मी तीन वेळा बरोबरीची भीक मागितली होती. आणि शेवटी, समोर एकटा राजा पाहून, "बेचारा मराठा आदमी, अकेला कोने में बैठा था," गार्डसाहेबांनी स्वतःच प्यादं पुढे सरकवून मला जीवदान दिलं होतं.

मी ऐकत उभा राहिलो. मला राग यायला हवा होता. पण गेले पंधरा दिवस मीही गणेशमंदिराच्या पायरीवर, बँकेच्या पेन्शनच्या रांगेत आणि दोनदा फोनवर पुण्याच्या मेव्हण्याला हाच डाव सांगत होतो. माझ्या डावात हत्तीला हात कूलरच्या वाऱ्यानं लागला होता. माझ्या डावात तो कोपरा मी एकतिसाव्या खेळीलाच हेरून ठेवला होता. आणि माझ्या डावात गार्डसाहेबांना उंट म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं.

जिंकलेल्या डावाची गोष्ट एकच असते आणि ती एकाच घरात सांगतात. बरोबरीच्या डावाच्या गोष्टी दोन होतात आणि दोन्ही घरी शिरा होतो. अट एवढीच की आपण त्याच्या गोष्टीत निमूटपणे हरायचं.

ऐकणाऱ्यांपैकी एकाचं लक्ष माझ्याकडे गेलं. गार्डसाहेबांनी मान वळवली. त्यांच्या हातातला चहा जागच्या जागी थांबला. टपरीवरची चारही माणसं आता माझ्याकडे बघत होती. हलायला घर नव्हतं, आणि शह म्हणावा तर तोही नव्हता.

"काय भैया," गार्डसाहेब जरा सावरून म्हणाले, "ऐसई भओ तो ना?"

मी हातातली भाजीची पिशवी खाली ठेवली.

"हओ," मी म्हणालो. "बिल्कुल ऐसई."

त्यांनी एका हातानं बाकावर जागा केली, दुसरा हात उंच केला आणि गाडी सोडल्यासारखा खाली आणला. टपरीवाल्यानं अर्धा चहा त्यांच्या ग्लासात ओतला, अर्धा माझ्या.